चौथी खाच

मी पहिल्यांदा बोलले ती त्याच्या बुटांशी.

बाकीचा माणूस दादाच्या मोटरसायकलखाली होता. बाहेर फक्त दोन बूट, ऑइलने काळवंडलेले. एकाची नाडी पांढरी, दुसऱ्याची लाल. मला खरं तर वर्कशॉपच्या मालकांशी बोलायचं होतं. त्यांना सगळे मामा म्हणतात. वयस्कर माणूस, समजून घेईल असं वाटलं होतं. पण मामा सुटे भाग आणायला गेले होते, आणि घरून निघताना गोळा केलेलं धैर्य पाच मिनिटांत विरघळणार हे मला पक्कं ठाऊक होतं.

"ऐका ना," मी बुटांना म्हणाले, "ही गाडी दुरुस्त करू नका."

बूट हलायचे थांबले.

"म्हणजे... होणारच नाही असं सांगा. माझा भाऊ येईल संध्याकाळी. त्याला म्हणा, हिच्यात आता काही दम राहिला नाही, मोडीत घाला."

"गाडीने काय घोडं मारलंय तुमचं?" खालून आवाज आला.

"मला पाडलंय तिने."

चाकं लावलेल्या फळीवरून तो सरकत बाहेर आला आणि तसाच, पाठीवर पडल्यापडल्या, माझ्याकडे उलटा बघत राहिला. कपाळावर काळा डाग. शर्टाच्या खिशाला पोलादी टेप अडकवलेली. त्याची नजर माझ्या गुडघ्यावरच्या पट्टीवर गेली, तिथून माझ्या हातांवर. हात मी पाठीमागे लपवले. 

"कुठे पडलात?"

"घाटात. उतारावर, तिसऱ्या वळणाला. पांढरा दगड आहे बघा तिथे..."

 तीन आठवडे झाले तरी त्या जागेपाशी माझी जीभ अडखळते. रस्त्यात एक खळगा होता, एवढासाच. मागचं चाक त्यात गेलं, खालून धाडकन दणका बसला, हँडल वेड्यासारखं थरथरलं, आणि मग मी खडीत बसले होते. मांडीवर माझी पेटी. दादा गाडीपाशी ओरडत होता आणि मला त्याचा शब्दही ऐकू येत नव्हता. दरी माझ्यापासून दोन हात लांब होती. दोनच.

आणि ऐकू येणं न येणं हेच तर माझं काम! मी शाळेतल्या मुलांचे कान तपासते. पेटीत ते यंत्र असतं. कानांवर हेडफोन लावायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे, ऐकू आला की मुलाने बोट वर करायचं. घाटापलीकडच्या खोऱ्यात अकरा शाळा आहेत. तिकडे बस जात नाही. दादा तिकडे पाण्याचे पंप दुरुस्त करायला जातो, त्याच्या मागे बसून मी जायची. दहा शाळा झाल्या होत्या. राहिलेल्या अकराव्या शाळेच्या बाईंचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. 'सात वर्षांची एक मुलगी आहे. हाक मारली तरी बघत नाही. सगळे तिला हट्टी म्हणतात. मला तसं वाटत नाही. तुम्ही कधी येता?' महिनाअखेरीला यंत्र दुसऱ्या जिल्ह्यात जाणार होतं.

हे सगळं मी त्या अनोळखी माणसाला का सांगितलं, देव जाणे. कदाचित तो जमिनीवर पडून ऐकत होता म्हणून. उभ्या माणसाला इतकं खरं सांगता येत नाही.

"म्हणजे जायचंय, पण बसायचं नाही," तो म्हणाला.

"हो."

"अवघड आहे." तो उठला. गाडीच्या मागच्या चाकाजवळची, धक्के झेलणारी दोन्ही शॉकअप त्याने काढून ठेवली होती. त्यांतलं एक त्याने माझ्या हातात दिलं. "दाबा."

मी दोन्ही हातांनी दाबलं. चिकट तेल माझ्या बोटांना लागलं.

"ऑइल गळून गेलंय, स्प्रिंग थकलीये. एका माणसाची स्प्रिंग ही, हिच्यावर तुम्ही दोघं आणि वर पेटी! ही आधीच तळाला टेकलेली. खळगा आला, खाली जायला जागाच नाही. मग दणका कोण खाणार? तुम्ही." त्याने ते हातातून अलगद काढून घेतलं आणि मला हात पुसायला स्वच्छ फडकं दिलं. वर्कशॉपात एवढं स्वच्छ फडकं असतं हे मला माहीत नव्हतं. "गाडीने पाडलं नाही तुम्हाला. ती बिचारी ओझ्याने वाकली होती. मोडीत घालायचं म्हणत असाल तर सांगतो दादांना. पण मला खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात."

मी त्याच्या कानांकडे बघितलं. धंद्याची सवय!

"दुरुस्त करा," मी म्हणाले. माझं मलाच आश्चर्य वाटलं.

*

चार दिवसांनी दादा मला ओढतच घेऊन गेला. त्या बुटांतल्या माणसाचा, म्हणजे टेपमास्तरचा, तसा हुकूम होता. त्याला सगळे टेपमास्तरच म्हणतात हे मला तेव्हा कळलं. तो मामांचा सख्खा भाचा. टेप लावल्याशिवाय स्क्रूसुद्धा पिळत नाही, असं मामा म्हणाले.

नव्या जाड स्प्रिंगा बसल्या होत्या. पुढच्या चाकाच्या फोर्कात नवं ऑइल होतं. टेपमास्तर भिंतीपाशी खडू घेऊन उभा राहिला.

"चालवणाऱ्याचं वजन?"

"सत्तर," दादा म्हणाला.

"पेटी मी तोलली. अठरा. आणि डबलसीटचं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मामा, दादा, हवा भरायला आलेला एक पोस्टमन. आणि तो. खडू हवेत धरून.

"अरे, चिमणी आहे ती!" दादा हसला. लहानपणापासून तो मला चिमणीच म्हणतो. "चिमणीचं काय वजन करायचं?"

"तरीपण?"

"एक्कावन्न," मी म्हणाले.

एक्कावन्न हे माझं कॉलेजातलं वजन. मागच्या महिन्यात दवाखान्याच्या काट्यावर मी उभी राहिले होते तेव्हा काटा एकसष्टावर थांबला होता, आणि मी चप्पल काढून पुन्हा उभी राहिले होते, तरी एकसष्टच. पण तो खडू घेऊन माझ्याकडे बघत होता हो... आणि त्याच्या कपाळावर तोच काळा डाग होता... तोंडातून निघून गेलं.

भिंतीवर त्याने ५१ लिहिलं. ठळक.

"आता नीट ऐका," तो दादाला सांगू लागला. "शॉकअपच्या खाली ही कडी आहे, तिला पाच खाचा. कडी फिरवून वरच्या खाचेत नेली की स्प्रिंग कडक होते. वजन कमी धरून स्प्रिंग मऊ ठेवली, की पुन्हा तोच तळ आणि तोच दणका. वळणावर झालं तर..." त्याने माझ्याकडे बघून वाक्य गिळलं. "म्हणून वजन बरोबर पाहिजे. एकटे असाल तेव्हा दुसरी खाच. डबलसीट आणि सामान असेल तर चौथी. आणि चौथीवर एकटे जाऊ नका, गाडी दबून खाली बसणार नाही, दगडासारखी आपटेल, पाठ कामातून जाईल."

मला बाकीचं ऐकू आलं नाही. पुन्हा तोच तळ, तोच दणका. दहा किलो! मी दहा किलो लपवले होते. आत्ताच्या आत्ता सांगायला हवं होतं. 'चुकले हो, एकसष्ट,' एवढंच. पोस्टमन अजून उभा होता.

मग मापं झाली. आधी गाडी स्टँडवर, चाक अधांतरी. तेव्हा त्याने चाकाच्या मधोमधपासून सीटखालच्या खुणेपर्यंत टेप लावली. मग दादा एकटा बसला, पुन्हा टेप. मग मी बसले... बसले म्हणजे दादाचा शर्ट मुठीत धरून डोळे मिटून घेतले, उभ्या गाडीवर! टेप सर्रकन सरकली आणि थांबली.  डोळे उघडले तर तो टेपकडे बघत होता, मग भिंतीकडे, मग माझ्याकडे. मग त्याने खडू कानावर खोचला.

"काय झालं?" मी विचारलं. माझा आवाज चिमणीएवढाच निघाला.

"काही नाही. उतरा सावकाश."

बाहेर पडताना तो दारापाशी आला. "शाळेतली मुलं तुम्हाला कानताई म्हणतात म्हणे."

"हो."

"मी नाही म्हणणार."

"का?"

"'ताई' म्हणायची इच्छा नाही," तो म्हणाला, आणि त्याचे कान लालबुंद झाले.

दुसरी कुणी असती तर वाटभर हसत गेली असती. माझ्या मात्र डोळ्यांसमोरून भिंतीवरचा तो आकडा हलत नव्हता. दादाला माहीत नव्हतं. वहिनीला सातवा महिना होता. सोमवारी सकाळी अकराव्या शाळेला जाताना तिचा नवरा माझ्या खोटेपणावर बसून घाट उतरणार होता.

शनिवारी मी पुन्हा गेले. सांगायचंच असं ठरवून गेले. मामा दारात खुर्ची टाकून बसले होते.

"ये पोरी. बघ, बघ, आमचे साहेब आले!"

टेपमास्तर स्वतःच्या गाडीवरून येत होता. रस्ता तसा बरा होता. पण बारीकशा उंचवट्यावरसुद्धा गाडी टणकन उडत होती आणि तो सीटवर टोळासारखा वरखाली होत होता.

"जगाच्या गाड्या लोण्यासारख्या करतो," मामा म्हणाले, "आणि स्वतः बघा! दोन दिवस झाले, असाच उडत येतो. मी म्हटलं, खाच खाली आण रे गाढवा. तर म्हणतो, असू दे मामा. पाठ मोडल्यावर कळेल."

तो उतरला, कंबरेवर हात ठेवून कण्हला, आणि मला बघताच ताठ उभा राहिला. "काही सांगायचं होतं?"

होतं. जिभेच्या टोकावर होतं. पण मामा कान टवकारून बसले होते, आणि तो असा बघत होता की... "पेटी... पेटी कुठे बांधणार?" मी म्हणाले.

मग त्याने मला दाखवलं. मागच्या कॅरियरवर पेटी टांगली की पुढचं चाक हलकं होतं, हँडल तरंगायला लागतं. म्हणून त्याने दोन्ही बाजूंना खालच्या अंगाला दोन डबे बसवले होते. एकात यंत्र, दुसऱ्यात बॅटऱ्या. यंत्राच्या डब्याला आतून जाड फोम लावला होता, कोपरा न् कोपरा मापून.

"सोमवारी मी तुमच्या मागे येतो," तो म्हणाला. "मागून चाक बघत. पहिल्या उताराला मी असतो बरोबर."

"सगळ्यांच्या?"

"...नाही."

मी घरी आले. सांगितलं नाही ते नाहीच.

*

सोमवारी घाटात धुकं होतं. दहा हातांपुढे रस्ता नव्हता. दादाच्या पाठीला नाक टेकून मी बसले होते. घाबरले की मी दोन ओळी जुळवते, लहानपणची खोड आहे.

वळणापुढे वळण गं, वळणाला ना अंत,
मागे बसल्या बाईला रस्ता नाही पसंत...

चढाला गाडी छान चालली होती. दादा खूश होऊन ओरडत होता, "बघ चिमणे, गालिच्यावरून चाललोय!" मागून टेपमास्तरची गाडी येत होती. धुक्यात दिसत नव्हती. नुसता आवाज... टण्, टण्, टणाक्. प्रत्येक टणक्याला मला वाटायचं, आता आपली पाळी. दहा किलो, दहा किलो, असं चाक म्हणत होतं.

स्प्रिंगबाई, स्प्रिंगबाई, दबून वर ये,
खोटं बोलली चिमणी तरी पदरात घे...

घाटमाथ्यावर रस्ता कामगारांची पत्र्याची शेड आहे. तिथून पुढे उतार. दादाने गाडी थांबवली, मी खाली उतरले, आणि मग मला पुन्हा बसता येईना. पाय उचललाच जाईना. धुक्यात खाली कुठेतरी तो पांढरा दगड होता.

"अगं, आता काय झालं? इथवर तर आलीस!"

"दादा, मी चालत येते."

"चालत? सात किलोमीटर?"

टेपमास्तर मागून आला. एक हात कंबरेवर. त्याने माझा चेहरा बघितला आणि दादाच्या हातात पाण्याची बाटली दिली. "दादा, शेडपाशी नळ आहे. तेवढी भरून आणता?"

दादा पुटपुटत धुक्यात गेला. आम्ही दोघंच उरलो. वाऱ्याने पत्रा वाजत होता.

"तुमची स्प्रिंग चुकीची लागली आहे," मी म्हणाले.

"चुकीची?"

"मी खोटं बोलले. एक्कावन्न नाहीये. एकसष्ट आहे! एकसष्ट! चप्पल काढूनसुद्धा एकसष्ट. तुम्ही दहा किलो कमी धरलेत, आणि दादा... वहिनी... आणि मी चार दिवस सांगणार होते, पण तुम्ही असे बघता की मला..." मी रडायलाच लागले. लहान मुलीसारखी, नाक ओढत. "आता खाली गेलो तर पुन्हा तळाला आपटेल. आणि ती मुलगी तिकडे वाट बघतेय."

खिशातून टेप काढून त्याने माझ्यासमोर धरली.

"हिला विचारलं होतं मी," तो म्हणाला. "तुम्ही बसलात त्याच क्षणी हिने सांगितलं. आधी दादा एकटे बसले तेव्हा गाडी किती बसली, मग तुम्ही बसल्यावर किती... वजाबाकी केली की झालं. साठ-एकसष्ट निघालं. भिंतीवरचा आकडा मी बघितलाच नाही. टेपवर खाच लावली."

मी रडायची थांबले. "म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"चार दिवस?"

"हो."

"आणि सांगितलं नाहीत! मी चार दिवस जेवले नाहीये धड!"

"मला काय माहीत तुम्ही त्यासाठी घाबरलात!" आता तो घाबरला. "मला वाटलं, भर वर्कशॉपात, पोस्टमनसमोर, बाईमाणसाचं वजन कशाला काढायचं. दादांनीही सहा किलो चोरलेत. शहात्तर आहेत ते. तुमच्या घरात काटा नाही का?"

मला हसू आलं. रडता रडता. फार वाईट दिसत असणार मी.

"स्प्रिंग बरोबर आहे?" मी विचारलं.

"बरोबर आहे."

"तुमचे कान बघू."

तो खरोखर वळला. आधी एक कान दाखवला, मग दुसरा. थंडीने पांढरेफटक पडले होते. लाली औषधालाही नव्हती.

"तरी भीती वाटतेय," मी म्हणाले.

"वाटू द्या. मलाही वाटतेय. मी लावलेल्या खाचेवर कुणी पहिल्यांदा उतार उतरतं, तेव्हा दर वेळी वाटते. म्हणून तर..." तो थांबला. "म्हणून तर आजवर माझ्या मागे मी कुणालाच बसवलं नाही."

दादा बाटली घेऊन आला. "झालं का रडून? अरे वा, हसतेय की!"

मी बसले.

पहिलं वळण. दुसरं. दादाच्या शर्टाचं बटण माझ्या मुठीत तुटून आलं. डोळे मिटायचे नाहीत असं मी ठरवलं होतं. धुक्यातून पांढरा दगड हळूहळू वर आला, जणू कुणी पाण्यातून डोकं काढलं. खळगा तसाच होता. कुणीही बुजवला नव्हता. मी श्वास धरला...

मागचं चाक खाली गेलं. मीही खाली गेले, दादाही, डबेही. खाली, अजून थोडं खाली, आणि मग, कसं सांगू... झोपलेल्या माणसाची छाती भरून यावी तशी गाडी वर आली. सावकाश. एकदाच. दणका नाही. हँडल हललं नाही. दगड मागे गेला.

"चिमणे?" दादाने विचारलं. "आहेस ना?"

"आहे."

आणि मागून, त्याच खळग्यातून... टणाक्! आणि पाठोपाठ, "आई गं!"

*

अकराव्या शाळेत त्या मुलीने डाव्या कानाचे निम्मे आवाज ऐकले. उजव्या कानाच्या वेळी ती बोट वर करायची वाट बघत माझ्या तोंडाकडे बघत राहिली, बोट मांडीवरच. हट्टी नव्हती ती. फक्त उजवीकडचं जग तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं. मी कागद भरला, बाईंना पुढचं सगळं समजावलं, तिचा डावा कान बाईंकडे येईल अशा पहिल्या बाकावर तिला बसवलं. तिने निघताना माझ्या गुडघ्यावरच्या पट्टीला बोट लावून विचारलं, "दुखतं?"

"आता नाही," मी तिच्या डाव्या कानात म्हणाले.

बाहेर आले तर ऊन पडलं होतं. दादा शाळेच्या पंपापाशी गेला होता. टेपमास्तर आपल्या गाडीला टेकून उभा होता. टेकून म्हणजे वाकूनच.

"तुमची गाडी अशी का आपटते?" मी विचारलं.

"जरा कडक आहे."

"टेप द्या."

"कशाला?"

"द्या म्हणते ना."

मी त्याला बघून शिकले होते. स्टँडवर गाडी, चाक अधांतरी, चाकाच्या मधोमधपासून खुणेपर्यंत. सहाशे मिलिमीटर. "बसा आता." तो बसला. पुन्हा टेप. पाचशे नव्वद. दहाच! गाडी बसलीच नव्हती. मी वाकून शॉकअपची कडी बघितली. पहिली, दुसरी, तिसरी...

चौथी खाच.

आणि तिच्या वरती, आतल्या बाजूला, कुणाला दिसू नये असा खडूने लिहिलेला आकडा होता. ५६५.

"चौथीवर एकटं जायचं नाही, असं कुणीतरी दादाला सांगत होतं," मी खालूनच म्हणाले. या वेळी मी जमिनीवर होते आणि तो वर. "पाठ कामातून जाते म्हणे."

तो हँडलवरची धूळ पुसू लागला.

"कधीपासून आहे चौथीवर?"

"...तुम्ही दादांच्या मागे बसलात त्या दिवसापासून." मग अगदी हळू, मी कानवाली म्हणूनच ऐकू आलं असं, तो म्हणाला, "खाली आणवेना."

माझ्या छातीत पुन्हा ती घाटातली धडधड सुरू झाली. दरी नव्हती, दगड नव्हता, सपाट मैदान होतं, तरीही. मी उठले, हात झटकले, आणि त्याच्या खांद्याला धरून मागे बसले. गाडी आमच्याखाली हलकेच दबली.

"आता टेप कोण बघणार?" तो म्हणाला. 

"दादा! ए दादा!"

दादा पाना हातात घेऊन आला. आम्हा दोघांकडे बघितलं. त्याची भुवई वर गेली. मी सांगितलं तिथे त्याने टेप लावली.

"पाचशे सत्तर," दादा म्हणाला.

"तुमच्या पाचशे पासष्टला अजून पाच मिलिमीटर राहिले," मी म्हणाले. "चुकलं तुमचं गणित, मास्तर. मी अजून पाच किलोने वाढायला हवं होतं की काय?"

"चुकलेलं नाही." मागून मला तो एवढाच दिसत होता. मान, आणि दोन्ही कान. कान इतके लाल की हात शेकून घ्यावेत. "ते पाच... सामानाचे आहेत."

"कसलं सामान? पेटी तर दादाच्या गाडीवर आहे."

"पेटी नाही. बॅग. कपड्यांची. तुमची." त्याने हँडल घट्ट धरलं, जणू गाडी पळूनच जाणार होती. "आज नाही हो... घाई नाही काही. तुम्ही जेव्हा केव्हा... माझ्याकडे कायमचं यायचं ठरवाल... तर बॅग असेलच ना बरोबर. म्हणून पंधरा किलो धरून ठेवलेत."

टेप सर्रकन मिटली. दादाच्या हातून सुटली होती.

 शाळेत कविता चालली होती, सगळी मुलं एका सुरात. माझ्या मुठीत सकाळचं ते तुटलेलं बटण अजून होतं. भीती वाटत होती. खोटं कशाला सांगू? घाटात वाटली त्याहून जास्त वाटत होती.

"पंधरा कमी पडतील," मी म्हणाले. "वीस धरा."

त्याची मान वळली.

"या वेळी खरं सांगतेय," मी म्हणाले. "पुस्तकं आहेत माझी."

तो गाडीवरून उतरला, गुडघे टेकले, खिशातून वाकडा पाना काढला. एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. मग त्याने कडी फिरवली.

टक्.

पाचवी.